गॅस्ट्रिक बँड बसवल्यानंतरचा आहार आणि दिनक्रम: गोव्यातल्या स्वयंपाकघरासाठी सविस्तर मार्गदर्शन

वजन कमी करण्यासाठी बसवलेल्या गॅस्ट्रिक बँडमुळे काय होतं आणि काय होत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. पुढचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात, आणि कारण माहीत असलं की नियम पाळणं सोपं जातं.

जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती सिलिकॉनचं कडं बसवलेलं असतं. त्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो आणि तो बारीक नळीने पोर्टला जोडलेला असतो. पोर्ट म्हणजे पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर टाके घालून बसवलेली छोटी डबी. पोर्टमध्ये सुईने सलाइन (मिठाचं निर्जंतुक पाणी) सोडलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल होतं. कड्याच्या वर जठराची जी पिशवी उरते ती १५ ते ३० मिलिलिटरची, म्हणजे फार तर दोन मोठे चमचे.

जठर कापलेलं नसतं आणि आतड्याची वाटही बदललेली नसते. म्हणून खाल्लेलं सगळं पचतं आणि सगळं अंगी लागतं. जठराच्या बायपास ऑपरेशननंतर गोड खाल्लं तर बऱ्याच जणांना घाम फुटतो, छातीत धडधडतं, जुलाब होतात. बँडवाल्यांना तसं काही होत नाही. आइस्क्रीम, खीर, आमरस, तेलकट रस्सा, फेणी हे सगळं कड्यातून विनासायास खाली उतरतं. बँड अडवतो तो फक्त घट्ट, चावून खायच्या अन्नाला.

तो अडवतो कसा? नीट चावलेला छोटा घास गिळला की अन्ननलिका एकामागून एक आकुंचनं देत त्याला कड्यातून पुढे ढकलते. एका घासाला यासाठी मिनिटभर लागू शकतो. त्या वेळी कड्याचा जो दाब जठराच्या भिंतीवर पडतो, त्यातून मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो. घास मोठा असेल, किंवा पहिला उतरायच्या आत दुसरा गेला, तर वर साठतं, दुखतं, उलटून येतं. पातळ अन्न खाल्लं तर दाबच पडत नाही आणि भूकही भागत नाही.

यातून एक फसवा फेरा तयार होतो आणि बँड ‘फेल’ गेला असं वाटणाऱ्यांपैकी अनेक जण त्यात सापडलेले असतात. कडं गरजेपेक्षा जास्त आवळलं गेलं की मासा, अंडं, भाजी घशाखाली उतरेनाशी होते. मग माणूस सोयीचं खायला लागतो: पेज, खीर, बिस्किट बुडवलेला चहा, नारळाच्या रसातली कढी. त्याने पोट भरत नाही, वजन थांबतं, आणि मग ‘बँड सैल झालाय, अजून आवळा’ अशी मागणी होते. आवळल्यावर आणखी पातळ खाल्लं जातं. अशा वेळी बरेचदा थोडं सलाइन काढून घेणं हाच उपाय असतो. सैल केल्यावर घट्ट अन्न पुन्हा खाता येतं आणि वजन पुन्हा उतरू लागतं. बँड जितका आवळलेला तितका चांगला, ही समजूत मनातून काढून टाका.

पहिले सहा आठवडे

या काळात कड्याभोवती जखम भरत असते आणि कडं जागेवर पक्कं बसत असतं. उलटी झाली तर ते सरकू शकतं. वजन किती उतरलं याची चिंता या सहा आठवड्यांत करू नका. तुमच्या सर्जनने दिलेलं वेळापत्रक खालच्यापेक्षा वेगळं असेल तर त्यांचंच पाळा.

पहिले एक-दोन दिवस फक्त पाणी आणि निवळ पातळ पदार्थ. दर पंधरा मिनिटांनी ३० मिलिलिटर, तेही घोट घोट. बाळाच्या औषधाचं मापाचं झाकण वापरा, अंदाजाने पेल्याला तोंड लावू नका. त्यानंतर दुसरा आठवडा संपेपर्यंत सगळी पातळ पेयं चालतात, फक्त ती गाळलेली हवीत.

गोव्यातल्या घरात या टप्प्यावर पहिली पुढे येते ती उकड्या तांदळाची पेज. पेजेची निवळ पोटाला हलकी आणि घशाला सुखाची असते, पण तिच्यात प्रथिनं जवळपास नसतात. डाळीच्या वरच्या पाण्याचंही तसंच. त्यांच्यावर दोन आठवडे काढले तर चरबीच्या जोडीने स्नायूही झिजतात. म्हणून मुख्य आधार दूध, ताक आणि प्रोटीन पावडरीचा ठेवा. २०० मिलिलिटर साय काढलेल्या दुधात दोन मोठे चमचे दुधाची पावडर विरघळवली तर एका पेल्यात १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. दूध सोसत नसेल तर पाण्यात कालवलेलं व्हे आयसोलेट (दुधातल्या प्रथिनांची, लॅक्टोज जवळपास नसलेली पावडर) घ्या. जोडीला कुळथाचं गाळलेलं कढण, चिकनचं किंवा माशाचं गाळलेलं सूप, सोलांचं नारळाशिवायचं सार. तिखट अगदी बेताचं. शहाळ्याचं पाणी चालतं, मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यातलं पोटॅशियम जड जाऊ शकतं, आधी विचारा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, चमच्यावरून सरकेल इतकं मऊ अन्न. एका वेळी पाव कप, म्हणजे ६० मिलिलिटर, हळूहळू अर्ध्या कपापर्यंत. दिवसातून चार-पाच वेळा. घोटलेलं मुगाचं वरण, घट्ट दही, मऊ परतलेलं अंडं वाटून, दुधी किंवा लाल भोपळ्याचा लगदा, साखर-गूळ न घालता दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व. माशात मुडदुशी किंवा चोणक वाफवून घ्या, काटे काढा, पुन्हा एकदा बोटांनी चाचपून पाहा आणि मग पातळ आमटीबरोबर वाटा. तारली आणि शेवटे या टप्प्यावर टाळा. त्यांचे बारीक काटे मिक्सरमधूनही सुटतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात काट्याने सहज कुस्करता येईल असं अन्न. वाफवलेला मासा, उकडलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर, मऊ शिजवून ठेचलेली मुगाची उसळ, केळं, शिजवलेली आणि बारीक चिरलेली तांबडी भाजी. नवा पदार्थ एका दिवशी एकच. दोन नवे एकदम खाल्ले आणि त्रास झाला तर कशाने झाला ते कळत नाही.

सातव्या आठवड्यापासून घट्ट अन्न. पातळ अन्नाची सवय सोयीची वाटते म्हणून काही जण इथे रेंगाळतात. रेंगाळू नका.

जेवायचं कसं

ताट बदला. सात इंचाची प्लेट, छोटा चमचा आणि समोर घड्याळ. पूर्ण जेवण एका कपात मावेल एवढंच, साधारण १५० ते २०० मिलिलिटर. घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तो वीस-पंचवीस वेळा चावा, तोंडात लगदा झाल्यावरच गिळा, चमचा खाली ठेवा आणि मिनिटभर थांबा. वीस ते तीस मिनिटांत जेवण थांबवायचं, मग प्लेटमध्ये काही उरलं असलं तरी. त्याहून जास्त वेळ रेंगाळत खाल्लं तर वरची पिशवी रिकामी होत जाते आणि नकळत दुप्पट पोटात जातं.

हाताने जेवणाऱ्यांना एक अडचण येते. भात-हुमण कालवल्यावर बोटं सवयीने मोठाच घास करतात. पहिले तीन महिने चमच्याने जेवा, मासा मात्र हातानेच निवडा. काटे बोटांनाच कळतात.

खाण्याचा क्रम ठरलेला ठेवा. आधी मासा, अंडं, चिकन, पनीर किंवा उसळ. मग भाजी. भात शेवटी, तोही दोन मोठे चमचे. पोट आधीच भरलं तर राहिला तो भात, मासा नव्हे. आपल्याकडे शितकढी म्हणजेच जेवण मानतात, त्यामुळे हा बदल मनाला सर्वात जड जातो. पण भाताने सुरुवात केली तर पाच-सहा घासांत पिशवी भरते आणि प्रथिनं ताटातच राहतात.

पाणी जेवणाच्या आधी चालतं, पहिला घास घेतल्यापासून ते जेवण संपल्यावर निदान अर्ध्या तासापर्यंत नाही. जेवताना पाणी प्यायलं की अन्न धुऊन खाली जातं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. अन्न अडकलेलं असताना प्यायलं तर त्याला खाली वाट नसते, ते उलटून वरच येतं.

पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वीसारखं ‘टम्म’ वाटण्याची वाट पाहू नका. छातीच्या मध्यभागी जडपणा, एकदम आलेली उचकी, शिंक किंवा नाकातून पाणी, अशी काहीतरी खूण प्रत्येकाची असते. ती ओळखा, त्यानंतरचा एक घास हमखास त्रास देतो.

दुपारी जेवून आडवं होण्याची गोव्यातली सवय निदान दोन तास पुढे ढकला. लगेच झोपलं तर पिशवीतलं अन्न आणि आम्ल अन्ननलिकेत चढतं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास असू द्या. सकाळी कडं अधिक घट्ट वाटणं हे अनेकांना होतं, पाळीच्या आधी आणि ताणाच्या दिवसांतही. अशा सकाळी आधी कोमट पाणी किंवा चहा घ्या आणि नाश्ता तास-दीड तासाने करा.

काय अडकतं आणि का

अडकणाऱ्यात पहिला नंबर पावाचा. ताजा उंडो, पोई, कात्रो, कुठलाही असो, चावल्यावर तो विरघळत नाही. त्याचा चिकट गोळा होतो आणि गोळा कड्याच्या तोंडावर बसतो. पोईत कोंडा असतो म्हणून ती चालेल असं वाटतं, पण गोळा तिचाही होतोच. पावाशिवाय चालतच नसेल तर पातळ काप करून कडक, कुरकुरीत भाजा. कडक तुकड्याचा चावल्यावर भुगा होतो आणि भुगा उतरतो. चपातीचंही असंच: मऊ, लुसलुशीत घडीची चपाती अडकते, पातळ आणि कडक भाजलेली भाकरी बऱ्याच जणांना जाते.

भाताचाही गोळा होतो, विशेषतः मऊ गुरगुट्या भाताचा. मोकळी शितं पातळ वरणाबरोबर, चमचा-चमचा. माणक्यो आणि तिसऱ्यो रबरासारख्या असतात, कितीही चावल्या तरी तुकडा तसाच राहतो. माणक्यो तर सोडलेल्याच बऱ्या. सुंगटां मऊ शिजवून, बारीक चिरून चालतात. चिकनच्या छातीचा भाग, त्यातही फ्रीजमधून काढून पुन्हा गरम केलेला, कोरडा आणि धागेदार होतो. त्यापेक्षा मांडीचा भाग रश्शात शिजवा, तुकडे खा आणि रस्सा वाटीतच राहू द्या. शेवग्याचे दोर, फणसाच्या भाजीचे धागे, अननस, संत्र्याच्या फोडीचा पापुद्रा, टोमॅटोची साल, मक्याचे दाणे, खोवलेल्या नारळाचा चोथा, शेंगदाणे ही सगळी अडकणारी मंडळी. रव्यात घोळून तळलेल्या माशाचं वरचं कवच काढून आतला मासा खाल्ला तर तो उतरतोही आणि तेलही वाचतं.

माशाचा मोठा काटा गिळला गेला आणि दुखायला लागलं तर भाताचा गोळा किंवा केळं गिळून तो खाली ढकलायचा घरगुती उपाय करू नका. कड्याच्या वर तो काटा जठराच्या भिंतीत रुतू शकतो. सरळ डॉक्टरांकडे जा.

घास अडकला की

छातीत दाटून येतं, तोंडाला लाळ सुटते, पांढरा फेसाळ चिकट स्राव वर येऊ लागतो. त्या क्षणी खाणं बंद. पाणी नाही, सोडा नाही, कोला नाही. उभे राहा, सावकाश फिरा, खांदे सैल सोडा. बहुतेक वेळा काही मिनिटांत ते उतरतं किंवा घास सहज वर येतो. बोट घालून उलटी काढू नका.

मोकळं वाटलं तरी जेवण पुन्हा सुरू करायचं नाही. अडकलेल्या घासाने कड्याखालचा भाग सुजलेला असतो आणि पुढचा घास आणखी सहज अडकतो. चोवीस तास फक्त पातळ, त्यानंतर एक दिवस मऊ अन्न, मग पुन्हा नेहमीचं. पाण्याचा घोटसुद्धा पाच-सहा तास उतरत नसेल, किंवा स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तर घरी वाट पाहू नका. कडं सैल करून घेण्याची ती वेळ आहे.

हे महिन्यातून एखाद्या वेळी झालं तर घाई किंवा मोठा घास हे कारण असतं. आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर कडं जास्त आवळलेलं आहे असं धरून तपासून घ्या.

कडं आवळणं

पहिलं सलाइन बहुधा चार ते सहा आठवड्यांनी घालतात. एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर, आणि योग्य पातळी सापडायला काही महिने लागतात. ती सापडल्याची लक्षणं अशी: छोट्या जेवणाने चार-पाच तास भूक लागत नाही, घट्ट अन्न सावकाश खाल्लं तर त्रासाविना उतरतं, आणि वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो कमी होतं. दोन तासांत भूक आणि ताटभर जेवण, म्हणजे कडं सैल. रात्री खोकला, झोपेत आंबट पाणी घशाशी येणं, फक्त मऊ पदार्थच जाणं, म्हणजे कडं जास्त घट्ट. मग वजनाचा काटा काहीही दाखवो.

पोर्टला फक्त ह्यूबर सुई, म्हणजे पोर्टसाठीची खास टोकाची सुई, वापरायची असते. साध्या सुईने पोर्टच्या पडद्याला भोक पडतं आणि सलाइन झिरपू लागतं. जवळच्या दवाखान्यात ‘एक इंजेक्शनच तर आहे’ म्हणून हे करून घेऊ नका. आवळल्यानंतर दवाखान्यातच एक पेला पाणी पिऊन, ते उतरतंय हे पाहूनच बाहेर पडा. पुढचा दीड-दोन दिवस पातळ, एक-दोन दिवस मऊ, मग घट्ट. चतुर्थीच्या किंवा घरातल्या लग्नाच्या आदल्या दिवशी आवळून घेऊ नका, लांबच्या प्रवासाच्या तोंडावर तर नकोच. घट्ट झालं तर सैल करायला माणूस हाताशी हवा.

प्रथिनांचा हिशेब

दिवसाला निदान ६० ग्रॅम. थोडक्यात आकडे असे: एक अंडं ६ ग्रॅम, १०० ग्रॅम मासा १८ ते २०, तेवढंच पनीर १८ च्या आसपास, शिजलेल्या डाळीची किंवा उसळीची वाटी ६ ते ८, दुधाचा पेला ६ ते ७, व्हे पावडरीचा स्कूप २० ते २४.

एक साधा दिवस धरा. सकाळी दोन अंड्यांचं रस ऑमलेट, रस दोन चमचे आणि पाव बाजूला: १२ ग्रॅम. अकराला साय काढलेलं दूध: ७. दुपारी ८० ग्रॅम बांगडा किंवा इसवण, अर्धी वाटी वरण, चमचाभर भाजी, दोन चमचे भात: १९. संध्याकाळी ५० ग्रॅम पनीर, हवं तर मिरपूड घालून: ९. रात्री ६० ग्रॅम शिजलेलं चिकन आणि दुधीची भाजी: १५. बेरीज ६२.

वर्षातले दोन काळ हा हिशेब बिघडवतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. ताजा मासा कमी आणि महाग होतो आणि घरोघरी सुक्या बांगड्याचे, सुक्या सुंगटांचे डबे उघडतात. सुक्या माशात मीठ भरपूर असतं. रक्तदाब असलेल्यांनी तोंडी लावण्यापुरतंच घ्यावं आणि या दोन महिन्यांत अंडी आणि चिकन वाढवावं. पाठोपाठ श्रावण येतो. शाकाहारी दिवसाची बेरीज व्हे किंवा पनीर यांच्याशिवाय जमवणं कठीण आहे, कारण ६० ग्रॅम नुसत्या डाळीतून काढायचे तर आठ वाट्या डाळ लागेल आणि ती पोटात मावणार नाही. ६० ग्रॅम पनीर, एक वाटी मुगाची उसळ, १०० ग्रॅम चक्का, दोन पेले दूध आणि एक स्कूप व्हे, एवढ्यात ६० होतात. उपवासाची साबुदाण्याची खिचडी चिकट, अडकणारी आणि प्रथिनांच्या दृष्टीने रिकामी. नुसत्या ताकावर दिवस काढणं त्यापेक्षा बरं, पण मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको.

नारळ आणि बाकी निसटणाऱ्या कॅलरी

नारळ सोडा असं कोणी सांगितलं तर गोव्यात ते चार दिवसही टिकणार नाही, आणि तशी गरजही नाही. पण १०० ग्रॅम खोवलेल्या नारळात ३५० च्या आसपास कॅलरी असतात, आणि हुमण, शागोती, तोंडाक, सोलकढी या रूपांत त्या न चावता खाली उतरतात. वाटणाचा नारळ निम्मा करा आणि दाटपणासाठी भाजलेला कांदा व धणे वाढवा. पातळ, नारळ न घातलेली तिखल्याच्या वळणाची आमटी जास्त वेळा करा. रस्सा ओतून घ्यायचा नाही, फोड काढून घ्यायची. सोलकढीऐवजी सोलांचं सार.

गॅसची पेयं कायमची बंद. वायू छोट्या पिशवीत कोंडतो, दुखतं आणि पिशवीवर ताण येतो. बिअर या एका कारणानेच बाद होते. मार्चपासून हुर्राकचा मोसम, आणि तो बहुधा लिंबाच्या गॅसवाल्या पेयातूनच घेतात. फेणीच्या ६० मिलिलिटरमध्ये जवळपास १४० कॅलरी आहेत, बरोबर तळलेलं काहीतरी असतंच. पहिले सहा महिने दारू पूर्ण बंद ठेवा, पुढेही तिला रोजच्या दिवसात जागा नको. तंबाखू आणि सिगारेट मात्र कायमची सोडा. त्यामुळे जठराला व्रण होतात आणि कडं भिंतीत रुतण्याचा धोका वाढतो.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून जास्त. एकदम पेलाभर पिता येत नसल्याने दिवसभर घोट घोट प्यावं लागतं. अर्ध्या लिटरची बाटली सकाळी अकरापर्यंत संपवा, दुसरी दुपारच्या जेवणानंतर तासाने सुरू करून पाचपर्यंत, तिसरी रात्रीच्या जेवणाआधी. पावसाळ्यात तहान लागत नाही आणि गडद लघवी, डोकेदुखी, बद्धकोष्ठ मागे लागतं.

गोळ्या आणि तपासण्या

बँडमध्ये शोषण बिघडत नसलं तरी खाणंच कमी झाल्याने कमतरता होते. चघळण्याची मल्टिव्हिटॅमिन रोज. कॅल्शियम अन्नासकट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम व्हावं; गोळी ५०० ते ६०० च्या मात्रेत विभागून घ्या, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि लोह किती, हे रक्त तपासून ठरवा. सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृत-मूत्रपिंड आणि मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांतली सरासरी साखर).

मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं पहिल्याच आठवड्यापासून कमी करावी लागू शकतात. जेवण पाव कपावर आलेलं असताना इन्सुलिन जुन्याच मात्रेत घेतलं तर साखर धोकादायकरीत्या उतरते. डिस्चार्जच्या कागदावर नवी मात्रा लिहून घ्या. मोठ्या गोळ्या पहिले सहा आठवडे कुटून किंवा पातळ औषधाच्या रूपात घ्या, पण ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) असेल ती कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांच्या जोडगोळ्या नकोत, पॅरासिटामॉल चालतं. हे घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा.

उलट्या आठवडाभराहून जास्त चालल्या तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडू शकतं आणि नसांना, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पाय बधिर होणं, तोल जाणं, एकाची दोन दिसणं ही त्याची चिन्हं. दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी बी-१ द्यायला सांगा.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. वेगाने वजन उतरल्याचा तो परिणाम असतो. प्रथिनं आणि लोह पुरेसं असेल तर केस परत येतात. वजन उतरताना पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते, पण गरोदरपण १२ ते १८ महिने पुढे ढकलावं. गर्भ राहिलाच तर कडं सैल करता येतं, हा बँडचा मोठा फायदा आहे.

हालचाल

चालणं ऑपरेशनच्या दिवशीच वॉर्डात सुरू होतं, कारण त्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. घरी पहिले दोन आठवडे दहा-दहा मिनिटं तीनदा, सहाव्या आठवड्यापर्यंत सलग तीस मिनिटं. गुडघे दुखत असतील तर मिरामार किंवा कोलव्याच्या भुसभुशीत वाळूत चालू नका; ओहोटीची ओली घट्ट वाळू किंवा कांपालचा सपाट रस्ता बरा. पावसात घराचा सोपा, इमारतीचा जिना. समुद्रात उतरणं जखमा पूर्ण भरल्यावर, साधारण चार आठवड्यांनी आणि डॉक्टरांना विचारून.

सहा आठवडे पाच किलोहून जास्त उचलायचं नाही. भरलेला गॅस सिलिंडर, विहिरीचा कळसा, पाण्याची बादली, हे सगळं यात आलं. पोर्ट टाक्यांवर धरलेलं असतं आणि ताणाने ते उलटं फिरू शकतं. मग सुई लागत नाही. स्कूटर चालवायला जोरात ब्रेक दाबताना पोटात दुखत नाही आणि गुंगीची वेदनाशामकं बंद आहेत, या दोन गोष्टी आधी हव्यात. दोन महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा वजनाचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम जोडा, नाहीतर उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा राहतो.

सणात आणि पंगतीत

चतुर्थीला नेवऱ्यो, पातोळ्यो, मोदक, आणि ‘मात्शें आनीक घे’ म्हणणारे आप्त. पंगतीला बसण्याआधी घरी पनीर किंवा दही खाऊन निघा. पंगतीचा वेग तुमच्या मिनिटाला एका घासापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून ताटात एकदाच आणि मोजकं वाढून घ्या, शेजारच्यांबरोबर संपवायचा प्रयत्न करू नका. गोड हवंच असेल तर एक निवडा आणि जेवणाच्या शेवटी खा. घरच्यांनी वाढण्याचा आग्रह आधीच थोपवला तर निम्मा त्रास वाचतो.

धोक्याची चिन्हं

पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढत जाणारी पोटदुखी, छातीत वेगाने धडधड, पोटरीला सूज आणि दम लागणं. पुढे कधीही काळी शौच, रक्ताची उलटी, किंवा थांबता न थांबणाऱ्या ओकाऱ्यांसह वरच्या पोटात जोराची कळ. कडं सरकून जठराचा रक्तपुरवठा अडकला तर असं होतं. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. महिने-वर्षांनी पोर्टची जागा अचानक लाल होऊन दुखू लागली आणि त्याच सुमारास भूक-जेवण पूर्वीसारखं झालं, तर कडं जठरात रुतल्याची शक्यता असते आणि एंडोस्कोपी लागते. पोर्ट साधंच दिसतंय पण आवळल्याचा परिणाम काही दिवसांत नाहीसा होतो, तेव्हा नळी किंवा पोर्ट गळत असतं.

गोव्यात बरेच जण बँड मुंबई, बंगळूर, आखाती देश किंवा युरोपात बसवून आलेले असतात आणि इथे आता स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं ऑपरेशन) व बायपास जास्त होत असल्याने बँड हाताळणारे थोडे. म्हणून बँडची कंपनी, आकार, पोर्टची जागा, आत किती मिलिलिटर सलाइन आहे आणि शेवटचं कधी घातलं, हे लिहिलेलं कार्ड पाकिटात आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गरज पडायच्या आधीच गोव्यातल्या एका बॅरिअॅट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनला भेटून नोंद करून घ्या आणि त्यांच्याकडे ह्यूबर सुई असते का ते विचारा. आकस्मिक विभागात गेलात तर पहिल्या वाक्यात बँड आहे हे सांगा, कारण तिथल्या डॉक्टरने ते पूर्वी पाहिलेलं असेलच असं नाही.

वजन तीन-चार महिने एकाच जागी थांबलं, तर आधी सात दिवस खाल्लेला-प्यायलेला प्रत्येक घोट लिहून काढा आणि ती वही घेऊनच सर्जन आणि आहारतज्ज्ञांकडे जा. बहुतेक वेळा चूक पेयांत, रश्शात किंवा दोन जेवणांच्या मधल्या चरण्यात सापडते. ती तिथे नसेल तर बेरियम गिळून एक्स-रे काढतात आणि कडं, पिशवी, अन्ननलिका जागेवर आहेत का ते पाहतात. बँड सोसतच नसेल तर तो काढता येतो आणि नंतर स्लीव्ह किंवा बायपास करता येतं. मात्र कड्याभोवती चामट पडदा तयार झालेला असतो, म्हणून बरेच सर्जन आधी बँड काढतात आणि काही महिने थांबून दुसरं ऑपरेशन करतात. त्या मधल्या काळात भूक पूर्ण परत येते, तेव्हा छोटी प्लेट आणि प्रथिनं आधी हा क्रम तसाच चालू ठेवा.